‘शांत’ बाळ आणि ऐच्छिक तपासणी

सदैव झोपून राहणारे, दुधासाठीही न रडणारे बाळ घरात कौतुकाचा विषय होते. बहुतेक वेळा त्यात काळजीचे काही नसते. परंतु काही बालकांत ही शांतता म्हणजे अवटू ग्रंथीच्या, अर्थात थायरॉइडच्या, उणिवेचे लक्षण असते. पुष्कळदा आरंभी कोणतेच चिन्ह दिसत नाही. मेंदूची हानी मात्र मूकपणे चालू राहते.

मोठ्या मुलांतही हा विकार झोपेवाटे प्रकट होतो. संप्रेरक कमी पडले की मूल वर्गात पेंगते, रात्री घोरते. अधिक झाले की तळमळते, त्याची छाती धडधडते. शाळा पहिल्याला आळशी आणि दुसऱ्याला उनाड ठरवते. झोपेच्या प्रत्येक तक्रारीमागे थायरॉइड नसतो हे खरे. पण साध्या रक्ततपासणीने जे कळते, ते शिक्षेने कधीच कळत नाही.

शासनाने या क्षेत्रात काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५६ साली कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी यांनी आरंभलेल्या प्रयोगातून आयोडीनयुक्त मिठाची उपयुक्तता सिद्ध झाली आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. परंतु ज्या बालकात ग्रंथीच जन्मतः अपुरी आहे, त्याला मीठ तारू शकत नाही. त्याच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी व्हावी लागते आणि शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू व्हावी लागते. तसे झाल्यास ते मूल इतरांसारखेच वाढते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याच्या विकारांच्या यादीत या उणिवेचा समावेश आहे. मात्र ‘ऐच्छिक’ या शिक्क्यासह. गोव्याने तर २००८ मध्येच नवजात तपासणीची योजना हाती घेतली होती. म्हणजे ज्ञानाची वाण नाही, औषधही महाग नाही. वाण आहे ती प्राधान्यक्रमाची.

ऐच्छिक याचा व्यवहारातील अर्थ एकच : खाजगी रुग्णालयातील बाळाची तपासणी होते, ऊसतोडणी कामगाराच्या बाळाची राहून जाते. एका थेंबाचा खर्च वाचवून समाज एका माणसाचे आयुष्यभराचे कर्तृत्व गमावतो. हा काटकसरीचा नव्हे, दिवाळखोरीचा हिशेब आहे. प्रत्येक सरकारी प्रसूतिगृहात ही तपासणी सक्तीची आणि मोफत व्हावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी ग्रामसभेपासून विधिमंडळापर्यंत लावून धरली पाहिजे. बुद्धीचा विकास हा ऐच्छिक विषय असू शकत नाही.