धुळाक्षरांचे गुरू कोठे घडतात?

जळगाव जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात पहिलीचे मूल फळ्यावरील 'केळी' हा शब्द 'केयी' असा वाचते. त्याचे वाचन चुकले की बरोबर आले? प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या शिक्षकाला याचे सकारण उत्तर देता येत नाही, त्याला लहान मुलांस वाचावयास शिकविण्याची विद्या अवगत नाही, असे आम्ही म्हणतो. आणि ही विद्या देण्याची खरी काळजी आमची अध्यापक विद्यालये घेत नाहीत, हे आमचे गाऱ्हाणे आहे.

उत्तर असे की, मुलाचे वाचन बरोबर आहे. अहिराणीत आणि लेवा बोलीत 'ळ'च्या जागी 'य' येतो. डोळा तो डोया, आभाळ ते आभाय. मुलाने अक्षरे ओळखली, त्यांतून शब्द जुळविला, अर्थ जाणला आणि तो घरच्या उच्चाराने सांगितला. उद्या त्याने वहीत 'केयी' असे लिहिले, तर मात्र तेथे शिकविण्याचे काम आहे. पण तेही रागावून नव्हे, समजावून. याउलट दुसरे मूल सबंध धडा शुद्ध उच्चारांनी घडाघडा म्हणते आणि त्यातलाच एक शब्द वेगळा काढून दाखविला की गप्प होते. ते वाचीत नाही, पाठ म्हणते. पहिल्याच्या वाट्याला 'चूक' आणि दुसऱ्याच्या वाट्याला 'शाबास' यावी, याहून उलटा न्याय कोणता?

हा न्याय चालतो तो बहिणाबाई चौधरींच्या भूमीत! आसोद्याच्या या कवयित्रीला लिहिता-वाचता येत नव्हते. सोपानदेवांसारखा पुत्र लाभला म्हणून त्यांची गाणी टिकली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, महाराष्ट्रापुढे आली. 'ओढाळ'ला 'वढाय' म्हणणारी ती बोली साऱ्या मराठी मुलखाने डोक्यावर घेतली. २०१८ साली विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. विद्यापीठाच्या नावात जी गौरवाची, तीच बोली पहिलीच्या वर्गात दोषाची ठरावी काय?

शिक्षकाने जाणावयाचे ते केवळ बोलीपुरतेही नाही. आमची लिपी सुंदर आहे, पण सहा वर्षांच्या मुलाला सोपी नाही. व्यंजने आणि त्यांची बाराखडी धरली तर चारशेच्या वर आकृती होतात; जोडाक्षरे निराळीच. त्या सर्व घोकून घ्यावयाच्या म्हटल्या तर वर्षे जातात आणि मुलाचा उत्साहही जातो. पण क, म, र, ल ही चार अक्षरे आणि एक काना एवढ्यावरच काका, मामा, मका, काम, माल, लाल, कमल हे शब्द उभे राहतात, आणि मूल पहिल्या काही आठवड्यांतच खरोखर वाचू लागते. मग पुढले अक्षर कोणते घ्यावे? 'घ' आणि 'ध' एकाच दिवशी का शिकवू नयेत? 'कि'मधली वेलांटी उच्चारात मागून येते, पण लिहिताना आधी काढावी लागते. तेथे मूल का अडखळते? ही या धंद्याची खरी विद्या होय. शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी तर पावरी बोलणाऱ्या मुलाला मराठी हीच नवी भाषा असते. ती कानात आणि तोंडात रुळण्यापूर्वी अक्षरे पुढे ठेविली, तर आकृती ओळखूनही अर्थ हाती लागत नाही.

आता आम्ही शिक्षकाची पारख कशी करितो ते पहा. २०१३ पासून महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षा होते. दीडशे प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि त्यांतला एक निवडावयाचा. बालमानसशास्त्रावर तीस प्रश्न आहेत. पण एकाही बालकाचे वाचन ऐकावे लागत नाही! १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील शिक्षकांनाही, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असल्यास, ही परीक्षा बंधनकारक ठरविली. न्यायालयाने कायद्याचा अर्थ लाविला. त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु वीस वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या बाईंनी आता मार्गदर्शक पुस्तके घोकावी, आणि त्यांच्या वर्गातील किती मुले वाचू लागली हे कोणी विचारू नये, हे परीक्षेचे सोंग झाले. पदविकेतील पाठांचीही तीच कथा. टाचण टापटिपीचे आहे काय, तक्ते रंगीत आहेत काय, हे बहुधा पाहिले जाते. मुलाच्या पदरात काय पडले हे पाहण्यास सवड नसते.

कित्येक म्हणतील, शिक्षक जन्मावा लागतो, तो घडविता येत नाही. खानदेशात हे म्हणताना अमळनेरच्या साने गुरुजींचे नाव हटकून घेतले जाते. गुरुजींच्या प्रेमळपणाविषयी आमचा आदर कोणाहून कमी नाही. पण प्रेमळ वैद्यालाही नाडी यावी लागते. शिवाय गुरुजींनी शिकविले ते प्रताप हायस्कुलात, अक्षरओळख झालेल्या मुलांना. धुळाक्षरांचे काम निराळे आहे. दुसरे म्हणतील, बोलीचे लाड केले तर प्रमाण मराठी बुडेल. प्रमाण मराठी प्रत्येक मुलाला यावी, असेच आमचेही मत आहे. पण ज्याच्या तोंडची भाषा पहिल्याच दिवशी खोडली, ते तोंडच उघडीत नाही, मग शिकेल कोणती?

ही मागणी नवी नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावे, शक्यतो शेतकरी वर्गातले, लोकांत मिसळून त्यांच्या गरजा जाणणारे असावे, आणि त्यांना बारा रुपयांहून कमी वेतन नसावे, असे मागितले होते. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या आणि बालशिक्षण खेड्यात कसे रुजते ते त्यांनी व अनुताई वाघांनी दाखविले. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी आणि पालघर जिल्ह्यात सोनाळ्याच्या 'क्वेस्ट'ने मुलांच्या वाचन-लेखनाचे काम शास्त्रशुद्धपणे चालविले. म्हणजे विद्या महाराष्ट्रात आहे. ती अध्यापक विद्यालयाच्या उंबरठ्याआत येत नाही, एवढेच.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. जळगाव व धुळे येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी आरंभ करावा. प्रत्येक छात्राध्यापकाकडे एक न वाचणारे मूल वर्षभर सोपवावे. त्याने रोजची नोंद ठेवावी. परीक्षकाने त्या मुलाचे वाचन ऐकावे, आणि मूल कोठे व का अडते हे छात्राध्यापकाला तोंडी विचारावे. अहिराणी, लेवा व पावरी यांचे उच्चार आणि व्याकरण हा प्रशिक्षणाचा विषय व्हावा. आणि ज्याने पहिलीचा वर्ग कधी चालविला नाही, त्याने तो कसा चालवावा हे इतरांस शिकवू नये.

२०२१ साली केंद्र सरकारने 'निपुण भारत' योजना काढून, तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचता यावे म्हणून २०२६-२७ ची मुदत घातली. मुदती मुलांसाठी घालावयाच्या आणि गुरूंची तयारी होती तेथेच ठेवावयाची, हा व्यवहार किती दिवस चालणार? मूल वाचू लागले नाही, तर पहिला जाब मुलाला नव्हे, गुरूलाही नव्हे, गुरू घडविणारांना विचारला पाहिजे.