मरण टळले, वयाचे काय?

मार्कंडेयाची कथा गडचिरोली-चंद्रपूरच्या घराघरांत ठाऊक आहे. सोळाव्या वर्षी मरण लिहिलेल्या त्या मुलाला शंकराने यमपाशातून सोडवले आणि तो कायमचा सोळा वर्षांचा राहिला. चामोर्शी तालुक्यातील मार्कंड्याला, वैनगंगेच्या काठी, महाशिवरात्रीच्या जत्रेत लोटणाऱ्या गर्दीत एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियाही असणारच. मरण त्यांचेही टळले आहे. मात्र ते टाळले २००४ च्या एप्रिलपासून सरकारी केंद्रांतून मिळू लागलेल्या मोफत औषधांनी. वय मात्र त्यांचे थांबलेले नाही. ज्यांना ऐन तारुण्यात नवऱ्याकडून रोग आला, त्यांतल्या अनेकजणी आज पंचेचाळिशी-पन्नाशीला पोचल्या आहेत. त्यांची पाळी जाऊ लागली आहे.

अंगातून एकाएकी वाफा निघतात, रात्री घामाने लुगडे भिजते, झोप उडते, सांधे धरतात, मन कशातच लागत नाही. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून राबणाऱ्या बाईला हे सारे सोसून मजुरी करावी लागते. हा त्रास रजोनिवृत्तीचा असू शकतो असे तिला कोणी सांगितलेले नसते. रोग उलटला, गोळ्या लागू पडेनात, अशीच तिची समजूत होते. केंद्रात क्षयरोगाच्या शंकेने खोकला, ताप, वजनातील घट व रात्रीचा घाम यांविषयी चार प्रश्न विचारले जातात. घामाला ‘होय’ म्हटले की क्षयाची तपासणी व्हावयास हवी, यात वाद नाही. परंतु क्षय नाही असे ठरल्यावर मग घाम कशाचा, हा पाचवा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

हा केवळ सोसण्याचा प्रश्न नव्हे. इंग्लंडमध्ये अशा स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा ज्यांचा त्रास तीव्र त्यांच्या गोळ्या चुकण्याचे प्रमाण अधिक आढळले. आणि गोळी चुकली की विषाणू पुन्हा डोके वर काढतो. शिवाय उपचारातील टेनोफोव्हिर हाडांची घनता घटविते. पाळी गेल्यावरही तीच घटते. मग कोणी कॅल्शियम लिहून देतो. ते डोल्युटेग्राव्हिरबरोबर रिकाम्या पोटी घेतल्यास मूळ औषधच अंगी नीट लागत नाही. दोन्ही एकत्र घ्यावयाची तर जेवणासोबत, नाहीतर मध्ये काही तासांचे अंतर ठेवून. एवढी साधी गोष्ट किती जणींना सांगितली जाते? संप्रेरकांचा उपचारही केवळ एचआयव्ही आहे म्हणून वर्ज्य ठरत नाही. पण तो विचारण्याजोगा आहे हे ठाऊक तर हवे!

हे दुर्लक्ष आकस्मिक नाही. एचआयव्हीचे राष्ट्रीय प्रमाण १५ ते ४९ या वयोगटाचे म्हणून सांगितले जाते, आणि स्त्रियांतील प्रसाराचा अंदाज वर्षानुवर्षे गरोदर स्त्रियांच्या दवाखान्यांतून घेतला गेला. शासनाला बाई दिसली ती आई म्हणून. कूस थांबली की तीही हिशेबातून उतरली. याच गडचिरोलीत डॉ. राणी व अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या, त्याचा अहवाल १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी तपासणी व उपचार झाले होते ते अवघ्या ८ टक्क्यांवर. त्यांतल्या ४५ टक्के स्त्रियांनी तर काही तक्रारच सांगितली नव्हती. बाई बोलत नाही म्हणजे तिला दुखत नाही, हा समज त्याच वेळी मोडावयास हवा होता.

चळवळीनेही स्वतःला तपासावे. गोळ्यांसाठी मोर्चे निघाले, पण पुरुष कार्यकर्त्यांच्या बैठकीत ‘पाळी जाणे’ हे शब्द उच्चारून पाहावेत. किती माना खाली जातात ते दिसेल. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीला केंद्रात पाळीविषयी विचारले जावे, उत्तराची नोंद व्हावी, स्त्रीरोगतज्ज्ञाची भेट औषधाच्या दिवशीच मिळावी, ही मागणी तालुक्या-तालुक्यांतून झाली पाहिजे. २०२३ पासून एस. टी. चे तिकीट स्त्रियांना अर्धे झाले, पण दुसऱ्या खेपेत बुडणारी मजुरी कोण देणार? आणि गावागावांत हे समजावण्याचे काम आशा कार्यकर्तीवर सोपवावयाचे असेल, तर त्याचा मोबदलाही त्याच आदेशात लिहिलेला असावा.