तपासणीच्या पिशवीतील राहून गेलेला कागद

तुमसर तालुक्यातील बपेरा येथून पेट-सीटी तपासणीसाठी निघालेल्या कुटुंबाला नागपूर गाठावे लागते. उपाशी रुग्ण, सोबतीला एखादा नातलग आणि जुन्या अहवालांनी भरलेली पिशवी. त्या पिशवीत एक कागद मात्र बहुधा नसतो : रुग्ण घेत असलेल्या औषधांची यादी.

या तपासणीत फ्लोरिन-१८ हे किरणोत्सारी समस्थानिक जोडलेली ग्लुकोजसदृश साखर शिरेतून दिली जाते. ज्या पेशी ती अधिक ओढून घेतात, तो भाग चित्रात उजळतो. कर्करोगाच्या पेशी बहुधा अशा भुकेल्या असतात. परंतु यंत्र कर्करोग पाहत नाही; ते केवळ साखरेचा खप नोंदवते. खप कशामुळे वाढला, याचा खुलासा चित्रात नसतो.

मधुमेहावरील मेटफॉर्मिनच्या गोळ्यांमुळे आतडे, विशेषतः मोठे आतडे, प्रखर उजळू शकते. त्या उजेडात नसलेल्या गाठीचा भास होतो किंवा असलेली गाठ झाकली जाते. केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी वाढविण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनाने अस्थिमज्जा व प्लीहा उजळतात आणि रोग हाडांत पसरल्याची शंका येते. तपासणीच्या थोडे आधी इन्सुलिन घेतल्यास साखर स्नायूंकडे वळते व खरी गाठ फिकी दिसते. रोगाचा टप्पा आणि पुढील उपचार याच चित्रावरून ठरत असल्याने ही चूक लहान नव्हे.

इतर तपासण्याही याला अपवाद नाहीत. हृदयाचे ठोके नियमित ठेवणाऱ्या अमिओडॅरोनमुळे सीटी स्कॅनमध्ये यकृत अधिक दाट दिसू शकते. पोटातील लोहाच्या गोळ्या क्ष-किरण चित्रात उमटू शकतात.

यावर उपाय म्हणून औषधे परस्पर बंद करणे घातक ठरेल. मेटफॉर्मिन सोडल्याने रक्तातील साखर वाढली, तर तीही चित्र बिघडवते. आतड्याची तपासणी महत्त्वाची असल्यास ते साधारण ४८ तास आधी थांबविण्याचा सल्ला दिला जातो. तथापि तो निर्णय डॉक्टरांचाच. कुटुंबाने तपासणीची वेळ घेतानाच सर्व औषधे, त्यांची मात्रा, शेवटच्या डोसाची वेळ आणि केमोथेरपी व इंजेक्शनांच्या तारखा केंद्राला कळवाव्यात. पावतीशिवाय खात्यातील नोंदीचा अर्थ लागत नाही. औषधांच्या यादीशिवाय चित्राचेही तसेच आहे.