‘बी.ए. झाला’, पण पुढे?

हाँगकाँगच्या कॅन्टनी बोलीत पदवी मिळविणाऱ्याने ‘चौकोनी टोपी घातली’ असे म्हणतात. टोपी घालता येते, तशी उतरवताही येते. मराठी माणूस मात्र पदवी मिळवून थांबत नाही, तो ‘बी.ए. होतो’. पिंपळनेरच्या बाजारात एखादी माउली अहिराणीत ‘मना आंडोर बी.ए. व्हयना’ असे सांगते, तेव्हा ती परीक्षेचा निकाल सांगत नसते. मुलगा आता निराळा माणूस झाला, असे तिला म्हणावयाचे असते.

१८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले. त्यांत रानडे व भांडारकर होते. त्या काळी हे ‘होणे’ अक्षरशः खरे होते. आमच्या पिढीलाही, पुणे विद्यापीठाच्या कागदावर का होईना, त्याचा थोडा लाभ झाला. १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ आले, साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातील कोकणी, भिल्ल, मावची घरांतली पहिली पिढी पदवीपर्यंत पोहोचू लागली, आणि १९९१ नंतर सरकारी नोकरभरतीचा दरवाजा अरुंद होत गेला. हा योगायोग ज्यांना खुपत नाही, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

माझा एक जुना विद्यार्थी दिवाळीनंतर भेटला. घरच्यांबरोबर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला निघाला होता. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हा अविवाहित, म्हणून अर्धा. बी.ए. झालेला अर्धा कोयता! वडिलांनी उचल घेतली होती, ती त्याच्याच शेवटच्या वर्षाच्या खर्चासाठी.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये देशातील पदवीधर तरुणांत बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. निरक्षर तरुणांत ३.४ टक्के. निरक्षराला मिळेल ते काम धरावेच लागते, हे या आकड्यांचे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे शासनाने द्यावयाचे आहे. त्याऐवजी ‘सर्वांनीच बी.ए. कशाला व्हावे?’ असा उपदेश ऐकू येतो. स्वतःच्या मुलांना कोणी तो करीत असल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

येत्या हंगामात तोडणी मजुरांच्या गाड्या निघतील, तेव्हा त्यांत पदवीधर किती बसले याची गावनिहाय नोंद कार्यकर्त्यांनी करावी. शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरण्याच्या मागणीपत्राला ती यादी जोडता येईल.