पेटंट संपले, औषध कुणाला?



स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण पाचांतल्या एका रुग्णात ‘हर-टू’ नावाचे प्रथिन प्रमाणाबाहेर वाढलेले असते. असा कर्करोग झपाट्याने पसरतो. त्यावरच्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली आणि उपचाराचे चित्र पालटले. पण परवडेल त्यांच्यापुरतेच.

भारतात या किमतीविरुद्ध २०१२ साली रुग्ण व आरोग्य कार्यकर्त्यांनी मोहीम उभारली. २०१३ मध्ये रोश कंपनीने इथल्या पेटंटवरचा दावा सोडला. आता औषध स्वस्त होणार असे वाटले. पण २०१४ च्या सुरुवातीला बायोकॉनचे औषध आले आणि रोश दिल्ली उच्च न्यायालयात गेली. पेटंट उरले नव्हते. वाद होता चाचण्यांचा आणि वेष्टनावरील माहितीचा.

असे का होते? हे औषध सजीव पेशींत तयार होते. त्याची हुबेहूब नक्कल होत नाही. मिळतेजुळते ‘बायोसिमिलर’ बनवून नव्याने चाचण्या द्याव्या लागतात. त्यामुळे गोळ्यांसारखी किंमत कोसळत नाही. अमेरिकेत तर २०१० च्या कायद्याने, पेटंट असो वा नसो, मूळ कंपनीला मान्यतेपासून बारा वर्षे बाजारात संरक्षण मिळते. आपल्या कायद्यात ही तरतूद नाही, पण व्यापार करारांच्या वाटाघाटीत श्रीमंत देश चाचण्यांच्या माहितीवर अशीच मक्तेदारी मागत आले आहेत.

हा बायकांचा प्रश्न आहे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णाला हे औषध साधारणपणे वर्षभर घ्यावे लागते. घरातला पैसा आधी कुणाच्या आजारावर खर्च होतो आणि कुणाचा उपचार अर्ध्यावर सुटतो, हे आपण गावोगाव पाहतो. २०१५ साली भारत सरकारने ट्रास्टुझुमॅबला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. यादीतले औषध बाईच्या हातात पडायला हवे.

म्हणून सरकारी रुग्णालयांत हर-टू तपासणी आणि पूर्ण मुदतीचे औषध मोफत मिळावे, तसेच कोणत्याही करारात माहितीवरची मक्तेदारी मान्य होऊ नये, या मागण्या आपल्या मोर्चांत आल्या पाहिजेत. पेटंट मंजूर होण्याआधी हरकत घेण्याचा हक्क आपल्या कायद्यात आहे. क्षयरोगातून वाचलेल्या दोन स्त्रियांनी तो वापरला आणि २०२३ साली बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत लांबवणारा अर्ज फेटाळला गेला. २०२४ च्या नियमांनी या हरकतीवर शुल्क बसवले आहे. हा हक्क आणखी आकसण्याआधी आपल्या गटांनी तो शिकून घ्यावा.