दुसऱ्याच्या जमिनीवर मतदान

स्वित्झर्लंडमध्ये जमिनीचे निर्णय जनता थेट मतदानाने घेते, म्हणून तिथला निसर्ग वाचला, असं आपल्याकडे कौतुकाने सांगितलं जातं. पण कुणाच्या जिवावर वाचला? २०१२ साली सुट्टीपुरत्या वापरायच्या घरांवर प्रत्येक गावात २० टक्क्यांची मर्यादा आली, अवघ्या ५०.६ टक्के मतांनी. पर्यटनावर जगणारं डोंगराळ व्हॅले विरोधात होतं. २०१३ मध्ये जादा बांधकाम-क्षेत्रं कमी करणारा कायदा ६२.९ टक्क्यांनी मंजूर झाला. नाही म्हणणारा प्रांत एकच, पुन्हा व्हॅले. २०१९ मध्ये मात्र देशभरातली बांधकाम-क्षेत्रं गोठवायचा प्रस्ताव आला. आता झळ सगळ्यांनाच! ६३.७ टक्के लोकांनी तो फेटाळला, एकाही प्रांताने साथ दिली नाही.

आणि २००९? याच मतपेटीने ५७.५ टक्क्यांनी नवे मिनार बांधायला बंदी घातली. देशभरात मिनार होते चार! तिथले अनेक मुसलमान परदेशी नागरिक, त्यांना या मतदानाचा हक्कच नव्हता.

२०१३ च्या कायद्यातलं एक कलम मला पटतं. शेतजमीन बांधकामात गेल्याने वाढलेल्या किमतीतला किमान २० टक्के हिस्सा सरकारने घ्यायचा आणि ज्यांच्या जमिनीचा बांधकामाचा हक्क गेला त्यांना भरपाई द्यायला तो वापरायचा. थेट लोकशाहीचे गोडवे गाणाऱ्यांच्या तोंडून हे कलम मी अजून ऐकलेलं नाही.