केसांना इस्त्री : फतवा नको, तापमान सांगा

मुलीच्या केसांवर बोलण्याचा अधिकार आमच्या समाजात सर्वांना आहे. बयान करणाऱ्या हजरतांना आहे, रिश्ता घेऊन येणाऱ्या खालांना आहे, चाँदरातीला दाराबाहेर रांग लावणाऱ्या पार्लरवालीला आहे, आणि अलीकडे आमच्या पुरोगामी लेखकबंधूंनाही तो मिळालेला दिसतो. एवढे सगळे बोलतात, पण त्या केसांवरून फिरणारी पट्टी किती अंशांना तापली आहे हे त्या मुलीला कोणीच सांगत नाही. आमचे भांडण एवढ्याच गोष्टीशी आहे.

आम्ही राहतो राईला. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारी बस धरली की आधी मुर्धे, मग राई, पुढे मोर्वा. आगरी मंडळींचे जुने गाव, जवळच खाडी आणि मिठागरे, हवेत बाराही महिने ओल. शिकवतो मात्र रेल्वेच्या पलीकडे, मीरा रोडला, एका उर्दू माध्यमाच्या शाळेत, आणि विषय विज्ञान. उर्दूत शिकवता मग मराठीत का लिहिता, या प्रश्नाला उत्तर देणे आम्ही केव्हाच सोडून दिले आहे.

मागे एकदा ईदच्या सुट्टीनंतर दहावीच्या वर्गातली एक मुलगी ओढणी भुवयांपर्यंत ओढून बसू लागली. चार दिवसांनी मधल्या सुट्टीत तिने ओढणी मागे सारून दाखवली. कपाळावरचे केस दोन बोटे उरले होते आणि झाडूच्या काड्यांसारखे उभे होते. ईद आणि लागोपाठ चुलत बहिणीचा निकाह, असे आठ दिवस तिने केस इस्त्री केले होते. मुलगी नमाजी. वजू करताना ओला हात डोक्यावरून फिरणारच. मसह केल्याशिवाय वजू होत नाही. ओल लागली की पुढचे केस पुन्हा वळायचे. मग नमाज झाली की लगेच तेवढ्याच ओल्या केसांवर पुन्हा इस्त्री. दिवसातून चार वेळा. "टीचर, चर्र असा आवाज यायचा," ती म्हणाली, "मला वाटलं, बसतायत केस."

तो चर्र आवाज कशाचा, हे आम्ही तिला आधी सांगायला हवे होते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे हायड्रोजनचे बंध पाण्याने किंवा उष्णतेने सुटतात आणि केस कोरडा व थंड होताना नव्या जागी बसतात. इस्त्री एवढेच करते, आणि म्हणूनच पाण्याचा हात लागला की तिचे काम पुसले जाते. हा केसाचा दोष नाही, यंत्राचाही नाही. पण केस ओला असताना दोनशे अंशांची पट्टी दाबली, तर केसातल्या पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि केसाच्या आत बुडबुडे उठतात. वैद्यकात याला 'बबल हेअर' असेच नाव आहे. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस पावाच्या तुकड्यासारखा पोकळ दिसतो आणि जिथे पोकळ तिथेच तुटतो. आम्ही हायड्रोजन बंध शिकवतो, बाष्पीभवन शिकवतो, गुण देतो, आणि मुलीच्या कपाळावर तेच प्रकरण घडत असताना ते आम्हाला दिसत नाही. बी.एड.ला 'ज्ञानाची जीवनाशी सांगड' यावर आम्ही दहा गुणांचे उत्तर लिहिले होते, हेही इथे सांगून टाकतो.

स्टाफरूममध्ये ही गोष्ट निघाली तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, अल्लाहने दिलेल्या रूपात ढवळाढवळ केली, भोगा म्हणावं. दुसरे, जे भाषणात नेहमी समाजप्रबोधनावर बोलतात, ते म्हणाले, हा सगळा जागतिकीकरणाने आणलेला चंगळवाद. दोघांची तोंडे एरवी दोन दिशांना असतात. मुलीला बोल लावायची वेळ आली तेव्हा एका बाकावर बसले. आणखी एकांनी विचारले, ओढणीखाली झाकायचेच आहेत तर केस सरळ कशाला हवेत? जणू बाईचे केस बघणारा पुरुषच असतो, आरसा नसतो.

हदीसचे म्हणाल तर केसांची निगा राखावी अशीच शिकवण आहे. मनाई आहे ती केसाला दुसऱ्याचा केस जोडण्याला. ती मनाई उचलून उष्णतेलाही लावून टाकायची ही सोय कोणी काढली, आम्हाला माहीत नाही. आम्ही आलिम नाही, आणि त्यांच्या प्रांतात शिरण्याची इच्छाही नाही. पण बयानात ज्या तळमळीने 'फॅशन' हा शब्द उच्चारला जातो, त्याच्या चतुर्थांश तळमळीने कोणी 'बेटी, ओल्या केसांवर लावू नकोस' एवढे म्हटले असते, तर त्या मुलीचे केस वाचले असते आणि तिच्या नमाजेतही अडचण आली नसती.

आता खालांकडे वळतो, कारण मागणी तिथून येते. मुलगी पाहायला येणाऱ्या बायका चहाआधी ओढणी सरकवायला लावतात, हे आमच्याकडे अजून चालते. केस लांब हवेत, सीधे हवेत, आणि घनेही हवेत. या मागणीतच फसगत आहे. इस्त्रीच्या दोन सपाट पट्ट्या केस दाबतात. दाबलेली वस्तू भरदार दिसणार कशी? सरळपणा मिळाला की भरदारपणा जातो, केस डोक्याला चिकटून बसतात. मग मुलगी पुन्हा पट्टी फिरवते, आणखी तापवून. आमच्या निकाहच्या दिवशी पार्लरवालीने हेच केले होते. केस मुळात सरळ आणि जाड होते. तरी 'फिनिशिंग'साठी मुळापासून तीन-तीन वेळा पट्टी ओढली. पुढची बट तुटली. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, त्यामुळे ती बट कानापर्यंत यायला सव्वा वर्ष गेले. निकाहच्या फोटोत मात्र आम्ही झकास दिसतो, हे कबूल करायला हवे.

सरळ आणि भरदार दोन्ही हवे असेल तर मुख्य काम इस्त्रीचे नाहीच, ते ड्रायरचे आणि गोल ब्रशचे आहे. केस पंचाने टिपून, वाऱ्यावर बहुतेक सुकू द्यावेत. मग ड्रायरला चपटे तोंड लावून, गोल ब्रशने केस मुळाशी वर उचलून, ज्या बाजूला पडतात त्याच्या उलट बाजूला वाळवावेत, आणि ब्रशवरच थंड होऊ द्यावेत. नवा बंध थंड होतानाच बसतो, हे वर आलेच आहे. ड्रायरवरचे थंड हवेचे बटण त्यासाठी असते. आमच्या ओळखीतल्या निम्म्या बायका ते बिघडलेले आहे असे समजत होत्या. टाळूवरच्या केसांना मोठे रोलर दहा मिनिटे लावून ठेवले तरी उठाव टिकतो, त्याला वीजही लागत नाही. इस्त्री लागलीच तर मधल्या लांबीपासून टोकापर्यंत, एकदाच, सावकाश. मुळाशी दाबायची नाही. पट्टीच्या कडा गोलसर असतील तर टोकाला किंचित आत वळवता येते, त्याने केस काडीसारखे लोंबत नाहीत.

आणि तापमान? त्यासाठी घरातली कपड्यांची इस्त्री बघा. तिच्यावर ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश, नायलॉनसाठी. दोन म्हणजे १५०, लोकरीसाठी. तीन म्हणजे २००, सुती कापडासाठी. लोकर म्हणजे मेंढीचे केस, तेही केराटिनच. शाल तीन ठिपक्यांवर इस्त्री करणारी सून घरात आली तर सासू आठ दिवस बोलेल. पण त्याच सुनेच्या डोक्यावर २३० अंशांचे यंत्र फिरले तर म्हणते, माशाल्लाह, किती छान बसले! बारीक केसाला १५० पुरेत, जाड भरदार केसाला १७० ते १८० लागतील. दोनशेच्या पुढे केराटिनच बिघडू लागते, तिथे जाण्याचे कारण नाही. म्हणून यंत्र घेताना एकच गोष्ट अडून बघावी : त्यावर अंशांचा आकडा दिसतो का आणि तो आपल्याला बदलता येतो का. नुसता लाल दिवा असलेले स्वस्त यंत्र किती तापते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. पट्टी सिरॅमिकची म्हणतात, पण बरेचदा वर मुलामाच असतो. तो उडाला की खालचा धातू जागोजागी जास्त तापतो आणि केस अडकतात. टायटॅनियम झटकन तापते, सरावलेल्या हाताला ठीक. लांब दाट केसांना रुंद पट्टी घ्यावी, म्हणजे त्याच केसावर परत परत जावे लागत नाही. रंग, चकाकी, डब्यावरची नटी, हे सगळे सोडून द्यावे.

विजेचेही बोलायला हवे, कारण राईच्या चाळीतली वायरिंग आम्ही पाहिली आहे. इस्त्री तीस-पन्नास वॅटची, तिची भीती नाही. ड्रायर मात्र अठराशे-दोन हजार वॅटचा असतो. छोट्या पिनचे सॉकेट ६ अँपिअरचे. २३० व्होल्टने गुणले तर १३८० वॅट. म्हणजे त्या ड्रायरला १६ अँपिअरचेच सॉकेट हवे, आणि तो फ्रीजच्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावणे म्हणजे घर पेटवायची तयारी. हे गणित दहावीच्या 'विद्युतधारेचे परिणाम' या पाठाच्या बाहेरचे नाही, आणि बालभारतीचे पुस्तक उर्दूतही आहे. आम्हीच ते उदाहरण गीझर आणि बल्बवर संपवतो.

यंत्रापेक्षा मोठा धोका सध्या यंत्राखालच्या क्रीमचा आहे. 'केराटिन', 'स्मूदनिंग' अशा नावांखाली पार्लरमध्ये रसायन लावून वरून इस्त्री फिरवतात, डोळे झोंबतात, आणि 'थोडं सहन कर' असे सांगतात. अशा काही द्रव्यांतून तापल्यावर फॉर्माल्डिहाइड निघते, आणि ते माणसात कर्करोग घडवणारे द्रव्य असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच ठरवले आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या मोठ्या पाहणीत, रासायनिक स्ट्रेटनर वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तराव्या वर्षापर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचे अंदाजे प्रमाण ४.०५ टक्के दिसले, कधीच न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के. ही पाहणी रसायनांची आहे, नुसत्या इस्त्रीची नाही. भीती घालताना दोन्ही एकत्र करणेही आम्हाला मंजूर नाही. फॉर्माल्डिहाइड नको म्हणून आलेल्या ग्लायॉक्सिलिक आम्लाच्या क्रीमनंतर मूत्रपिंडाला इजा झालेली रुग्णही २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली आहे. हे सारे मुलींना कोणत्या भाषेत कळणार?

आमचे लेखकबंधू इथे माल्कम एक्सचे उदाहरण देतात. तारुण्यात त्याने कॉस्टिक सोड्याच्या लेपाने डोके भाजत केस सरळ केले आणि १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथेत त्याचीच त्याला लाज वाटली, हे खरे. पण तो स्वतःच्या डोक्याबद्दल बोलला होता. दुसऱ्याच्या मुलीच्या नव्हे. शिवाय आमच्या निम्म्या मुलींचे केस जन्मतःच सरळ आहेत. त्यांना गोरे व्हायचे नाही, त्यांना खालांच्या परीक्षेत पास व्हायचे आहे. परीक्षा बंद करा म्हणून लिहा, आम्ही सही करतो. ते लिहीपर्यंत परीक्षेला बसलेल्या मुलीचे केस जाळू नका. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, त्याला तीन दशके उलटून गेली. तलाकवर, शिक्षणावर, दंगलींवर आपण भरभरून लिहिले, लिहायलाच हवे होते. पण आपल्या घरातल्या बाईच्या हातात रोज तापणाऱ्या वस्तूवर एक पान आमच्या तरी वाचण्यात आले नाही. तो विषय हलका समजला जातो. भाजलेली त्वचा हलकी नसते.

त्या मुलीच्या यंत्राबरोबरचे माहितीपत्रक आम्ही मागून घेतले. इंग्रजी होते, चिनी होते, आणखी दोन युरोपीय भाषा होत्या. भिवंडी, मालेगाव, मीरा रोड जिथे यंत्र विकले जाते, तिथली भाषा त्यात नव्हती, उर्दूही नाही, मराठीही नाही. 'केस पूर्ण कोरडे असावेत' हे वाक्य त्यात पहिल्याच पानावर होते. ठळक अक्षरांत.

मग आम्ही एका कागदावर डावीकडे उर्दूत, उजवीकडे मराठीत लिहिले : वजूनंतर केस पुसा, वाळू द्या, मगच इस्त्री. दोन ठिपके, लोकरीइतके. ड्रायर मोठ्या सॉकेटला. डोळे झोंबणारे क्रीम नको. तेल लावायचे तर धुण्याआधी. २००३ मध्ये मुंबईतल्या दोन संशोधकांनी खोबरेल तेलाने केसातले प्रथिन कमी झिजते असे दाखवले, पण ते धुण्यापुरते, इस्त्रीखाली नव्हे. कागद मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेर लावला. तिसऱ्या दिवशी तो कोणीतरी फाडला, आणि शाळेत पार्लर उघडले आहे का अशी विचारणा आम्हाला झाली. आमची राईची शेजारीण, सत्तरीची आगरी मावशी, आयुष्यभर खोबरेल आणि अंबाडा, एवढेच जिला ठाऊक, तिला हे सांगितले तर म्हणाली, "बाई, चूल पेटवायला शिकवताना हात कुठं धरायचा ते सांगतातच की."

कागद दुसऱ्यांदा लावला आहे. या वेळी प्लास्टिकमध्ये.